सुहास भावजींची आपोआप तेल पिणारी गाडी

आमचे सुहास भावजी आळशी आहेत असं जे म्हणतात, त्यांनी भावजींना काम टाळताना कधी पाहिलेलं नाही. पाच मिनिटांचं काम टाळायचं असलं की हा माणूस महिना महिना राबतो. विहिरीवरचा पंप उठून बंद करायला लागू नये म्हणून त्यांनी टाकीत एक तरंगणारा गोळा बसवला होता. गोळा कामाला चोख, फक्त टाकी भरली की पंप चालू करायचा आणि रिकामी झाली की बंद. शेवटी तो काढला. आता पंप रसिका बंद करते. तेही आपोआपच म्हणायचं, कारण भावजींना त्यात काही करावं लागत नाही.

रसिका म्हणजे भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. पालीजवळच्या एका शाळेत ती शिकवते. भावजी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत लिपिक आहेत. कारवांचीवाडीला आमची दोन घरं एकाच खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून आहेत. आमचे हे नोकरीला मुंबईत, त्यामुळे खळ्यात काय चाललंय ते बघायचं काम बिनपगारी माझ्याकडे आहे आणि मी त्यात कधी रजा घेतलेली नाही.

भावजींच्या सगळ्या उद्योगांत एकच गोष्ट त्यांनी कधी टाळली नाही. रोज सकाळी रसिकाला गाडीवर मागे बसवायचं, शाळेत सोडायचं आणि मग उलटं फिरून कचेरी गाठायची. लग्नापासून हे चाललंय, भर पावसातसुद्धा. त्याचं मूळ माझ्या सासऱ्यांच्या सायकलीत आहे. गंगाराम गुरुजी शाळेत सायकलने जायचे. कॅरिअरवर पुस्तकांचा गठ्ठा असायचा, आणि तो पडू नये म्हणून सासूबाई एका हाताने धरून शेजारून पायी चालायच्या. त्यांना बाजारात जायचं असे आणि तिथपर्यंत वाट एकच, म्हणून सोबत. लहानपणी भावजींनी ते रोज पाहिलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, माझी बायको गाडीच्या बाजूने चालणार नाही. एसटीच्या थांब्यावर उभी पण राहणार नाही."

माणूस बोलतो पुष्कळ, भावजी तर फारच. पण हे एवढं त्यांनी पाळलं. कचेरीत बढती हुकली, आंब्याची कलमं वठली, गोळ्याने टाकी वाहवली. भावजींनी सगळं हसून सोडलं. कारण मागच्या सीटवर रसिका बसलेली असायची. ती सीट म्हणजे त्यांची इस्टेट.

पन्नाशी जवळ आली की पुरुषांना काहीतरी आठवतं. कुणाला गुडघे आठवतात, कुणाला गावची जमीन. भावजींना लडाख आठवलं. लडाखला जायची गाडी आणली, जी आजपर्यंत लांज्याच्या पुढे गेलेली नाही. जुन्या गाडीच्या चेनला पत्र्याचं अख्खं घर होतं, आत चेन सुखाने नांदायची. नव्या गाडीची चेन उघडीबोडकी. मी विचारलं तर म्हणाले, मोठ्या गाड्यांना असंच असतं. गाडी सरळ उभी करायचा मधला स्टँडही नव्हता, मोठ्या गाड्यांना तोही नसतो. मागचं मडगार्ड नखाएवढं. तेही मोठेपणातच मोडत होतं.

आता आमच्याकडे समुद्राचा खारा वारा, आणि हायवेचं काम सुरू झाल्यापासून जांभ्याची तांबडी धूळ. उघडी चेन या दोघांच्या तावडीत सापडली. चार दिवस तेल घातलं नाही की किरकिर सुरू. मधला स्टँड नाही म्हणून चाक जागच्या जागी फिरवता येत नाही. एकाने गाडी हातभर पुढे ढकलायची, दुसऱ्याने उकिडवं बसून चेनच्या तेवढ्या तुकड्याला तेल लावायचं, मग पुन्हा ढकलायची. दर रविवारी सकाळी खळ्यात हा कार्यक्रम चाले. रसिका हँडल धरून गाडी ढकले आणि भावजी खालून सांगत, थोडी पुढे, अजून, बस. खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी जाईपर्यंत शाळेतल्या आणि कचेरीतल्या सगळ्या बातम्या सांगून व्हायच्या. रसिकाची काही तक्रार नव्हती. भावजींची मात्र कंबर मोडत होती. मोडेल नाहीतर काय, पाच मिनिटं वाकायचं म्हणजे.

त्यातून शोध लागला की चेनला आपोआप तेल घालणारं यंत्र मिळतं.

मग भावजींनी अभ्यास सुरू केला. संध्याकाळी मोबाइल उभा करून बर्फात मोटरसायकल चालवणाऱ्या गोऱ्या माणसांचे व्हिडिओ बघायचे. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीबाजारात असतो, पण ज्ञान ते ज्ञान. ते सगळं चहाच्या वेळी मला आणि रसिकाला ऐकवलं जाई. यंत्र तीन जातींचं. एक इंजिनाच्या ओढीवर चालतं, इंजिन बंद तर तेल बंद. पण त्यासाठी इंजिनाच्या नळीला छेद द्यावा लागतो आणि छेद दिला की कंपनीची वॉरंटी जाते. दुसरं विजेवर चालतं, गाडी हलते आहे की उभी ते त्याला स्वतःलाच कळतं. पण त्याच्या वायरी घालायच्या कुणी. तिसरं अगदी साधं. छोटी टाकी, खाली नळी, मध्ये एक कॉक. निघताना कॉक उघडायचा, तेल थेंब थेंब चेनवर पडतं. पोचल्यावर बंद करायचा.

भावजींनी तिसरं निवडलं. रसिका शांतपणे ऐकत होती. तिने विचारलं, "उघडायचा कुणी?"

"मी."

"आणि बंद?"

"मीच ना."

"मग आपोआप काय होतं?"

भावजींनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "मधलं."

गॅरेजवाल्या बाबल्याने ते यंत्र बसवून दिलं. बाबल्याचा स्वभाव चांगला, कुठल्याच कामाला तो नाही म्हणत नाही आणि कुठलंच त्याला आधी येत नाही. नळीचं तोंड मागच्या दातेरी चाकावर आणून त्याने तारेने बांधलं, आणि दोघांनी मागे सरून गाडीकडे असं पाहिलं की जणू बारशाला आलेत.

उघडायचं भावजी कधी विसरले नाहीत. बंद करायचं मात्र रोज विसरत. तेल काय, त्याला घरी पोचल्याचं कळत नाही, ते पडतच राहायचं. दिवाळीनंतर मी नुकतंच खळं केलेलं, शेणाने गुळगुळीत सारवलेलं, त्यावर रोज सकाळी एक काळं वर्तुळ. मी वर्तुळाभोवती रांगोळी काढली. रसिकाने एक करवंटी आणून नळीच्या खाली ठेवली. त्या दिवसापासून आमच्या खळ्यात गाडी लागली की करवंटी लागायची, जशी गोठ्यात म्हशीखाली दुधाची कासंडी.

यंत्राबरोबर आलेली तेलाची बाटली अशी करवंटीतच संपली. मग भावजींनी गिअरबॉक्सचं जाड काळं तेल भरलं. ते चेनला मानवलं, रसिकाच्या साड्यांना मानवलं नाही. काठावर काळे ठिपके येऊ लागले. ती रागावली नाही, साबण मात्र मोठ्याने घासू लागली. धुण्याच्या दगडावरचा तो आवाज भावजींनी काही दिवस ऐकला आणि पुन्हा अभ्यासाला बसले. डाग न पडणारं तेल पाहिजे होतं. स्वच्छ, पातळ, साबणाने निघणारं. गोऱ्या माणसांकडे त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर आमच्या माळ्यावर होतं.

घरच्या नारळांचं, घाण्यावर काढलेलं खोबरेल.

ते टाकीत ओतत असताना मी दारात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "भावजी, थंडीत थिजतं हो ते."

"वहिनी, इंजिन गरम असतं," ते म्हणाले. मी बी.ए. इतिहास. तांदळातले खडे काढत राहिले.

आणि खरं सांगायचं तर आधी सगळं छानच झालं. चेन चमकायला लागली. साडीवर डाग नाही. गाडी वाडीतून गेली की मागे ताज्या खोबरेलाचा वास, म्हाताऱ्या बायका वळून बघायच्या की कोण न्हाऊन निघालंय. मुंग्यांना पत्ता लागला, त्यांची रांग खांबावरून गाडीवर चढू लागली. बंद न केलेल्या कॉकातून खोबरेल रात्रभर खाली पडायचं, म्हणजे नारळातून निघालेलं तेल एवढा खटाटोप करून शेवटी करवंटीतच परत यायचं. रसिका ते सकाळी केसांना लावायची. भावजी येईल त्याला यंत्र दाखवत होते.

मग थंडी पडली. आमची थंडी म्हणजे घाटावरच्या लोकांना थट्टा वाटेल, पण न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी पडते एवढी असते. सकाळी नळीत पांढरी वात दिसायची आणि चेन कोरडी किरकिरायची. दुपारी कचेरीबाहेर ऊन लागलं की वात सुटायची. भावजींनी याचाही नियम बसवला. सकाळी तेल येत नाही म्हणून कॉक पूर्ण उघडायचा. आणि जे येतच नाही ते बंद कशाला करायचं.

सात फेब्रुवारीला रमाईंची जयंती. रसिकाच्या माहेरी, लांज्याजवळच्या वाडीत, विहारात बायकांचा कार्यक्रम असतो. सगळ्या पांढऱ्या साड्या नेसतात, निळ्या काठाच्या. त्या वर्षी भाषण रसिकाचं होतं. ज्या वाडीत ती झिपऱ्या सोडून पळायची तिथेच उभं राहून बोलायचं होतं, म्हणून महिनाभर ती भाकऱ्या थापताना पुटपुटत होती. साडीही नवी, कडक पांढरी. मी आमच्या वाडीतल्या बायकांबरोबर सकाळीच एसटीने पुढे गेले. रसिकाला आधी शाळेतला कार्यक्रम उरकायचा होता. भावजींनी रजा टाकली होती. दोघं दुपारी गाडीवरून येणार होती.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, ते जोडून सांगते. सकाळी भावजींनी कॉक पूर्ण उघडला. तेल आलं नाही. शाळेशी पोचल्यावर गाडी उघड्या कातळावर लावली, कॉक तसाच. रसिका आत कार्यक्रमात. भावजी शिक्षकांच्या खोलीत बसून हेडमास्तरांना चेनला आपोआप तेल कसं जातं ते समजावून सांगत होते. बाहेर ऊन चढत होतं, कातळ तापत होता आणि तेल अगदी त्यांच्या सांगण्याप्रमाणे आपोआप जात होतं. दुपारी बाहेर आले तेव्हा गाडीखाली ओल दिसली. ती त्यांनी शाळेतल्या कुत्र्याच्या नावावर टाकली आणि गाडी सुरू केली. टाकीत अजून होतंच. चेन, दाते, चाकाची कड, सगळं न्हालेलं. चाक फिरेल तसं तेल, त्यात हायवेची तांबडी धूळ, आणि मडगार्ड नखाएवढं. अंजणारीच्या घाटात एका वळणावर मागचं चाक जरासं घसरलं. रसिकाने त्यांचा खांदा घट्ट धरला. भावजी म्हणाले, रस्ता गुळगुळीत केलाय हल्ली.

विहारात रसिका आली ती बाजूच्या दाराने थेट पुढे जाऊन भिंतीला पाठ करून उभी राहिली. उशीरच झाला होता. त्रिशरण, पंचशील झालं आणि तिचं भाषण सुरू झालं. फार सुंदर बोलली. कागद न बघता बोलली. शेणी थापणाऱ्या हातांबद्दल बोलली तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावले. भाषण संपलं आणि फोटोपुढे मेणबत्ती लावायला ती वळली.

कमरेपासून मानेपर्यंत पाठीवर तांबडा पट्टा. रुंद, तेलकट, मधोमध. जणू कोणी खराट्याने ओढलाय. आणि अख्ख्या विहारात खोबरेलाचा वास.

मग रसिकाची चिमाआत्या, जिच्या जिभेला वाडीत पर्याय नाही, ती म्हणाली, "पाठ भरून आलीवती काय गो रसिकाबाय? तेल लावून घेतलंस ता बरा केलंस."

हसू फुटलं. वाईट मनाने कोणी हसलं नाही, पण हसले सगळेच. रसिकाने पाठीवरून हात फिरवला, बोटं बघितली आणि पदर ओढून घेतला. मेणबत्ती लावली. सगळ्यांबरोबर खीरही खाल्ली. दारात भावजी उभे होते. त्यांच्याकडे ती बघत नव्हती, म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मीही माझी खीर बघत होते.

निघताना ती आमच्याबरोबर एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. भावजी गाडी ढकलत बाजूने येत होते. "अगं, बस ना," म्हणाले. "हळू नेतो. कॉक बंद केलाय."

रसिका थांबली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमचं सगळं आपोआप होतं ना," ती म्हणाली. "मी पण येईन आपोआप."

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेलाही एसटीने जाऊ लागली. साडी धुऊन तिने खळ्यातल्या वलणीवर वाळत घातली, बरोबर गाडीच्या समोर, पाठीचा भाग गाडीकडे करून. पट्टा फिकट झाला होता, गेला नव्हता. ती साडी वाळायला आठवडा लागला. कडक ऊन होतं तरी.

भावजींचं मात्र काही वाळेना. रसिका थांब्यावर उभी राहते हे त्यांना बघवत नव्हतं, आणि न बघताही राहवत नव्हतं. ते रोज एसटीच्या मागोमाग गाडीवरून पालीपर्यंत जायचे आणि तिथून वळायचे. कारण विचारलं तर पेट्रोल भरायला, म्हणाले. जणू रत्नागिरीतलं पेट्रोल आटलंय. रसिका शेवटच्या सीटवर बसायची. एकदा कंडक्टरने तिला सांगितलं म्हणे, "मॅडम, तो मोटरसायकलवाला रोज आपल्या मागे असतो. सांभाळून राहा." ती म्हणाली, "राहते." घरी येऊन मला हे सांगताना तिच्या ओठांचा कोपरा हलला होता. पण दुसऱ्या दिवशी गेली एसटीनेच.

मग भावजींनी सुधारणा हाती घेतल्या. मागे रबरी पडदा लावला. मडगार्ड लांब केलं. बाजूला साडीची जाळी. कॉकवर लाल रंगाची खूण, बंद करायची आठवण राहावी म्हणून. लडाखची गाडी आता दूधवाल्याची दिसू लागली होती. आणि एका संध्याकाळी त्यांनी रसिकाला खळ्यात बोलावून सगळं दाखवलं. तिने वाकून नीट पाहिलं, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखं. म्हणाली, "छान झालंय. कुणाला बसवणार?"

भावजी फडक्याने कॉकवरची लाल खूण पुसू लागले. तेवढ्यात रसिका पंप बंद करायला निघून गेली.

त्या आठवड्यात त्यांनी बाबल्याकडून नवी चेन घालून घेतली. बाबल्या विजेवर चालणारं दुसरं यंत्र बसवू म्हणत होता. करून टाकू, म्हणाला. भावजी नको म्हणाले. बाबल्याला वाटलं त्यांची तब्येत बरी नाही.

रविवारी सकाळी भावजी खळ्यात पाट घेऊन आले. जुना दात घासायचा ब्रश आणि तेलाची डबी. यंत्राची नळी गुंडाळून बांधलेली. पाटावर बसले, चेनच्या समोरच्या तुकड्याला तेल लावलं, उठले, हँडल धरून गाडी हातभर पुढे ढकलली, मागे येऊन पाट सरकवला, बसले. पुन्हा तेच. एकट्याने करायचं ते काम नव्हे. ढकलताना गाडी एकदा कलली, त्यांनी मांडीवर तोलून धरली. ब्रश खाली पडला, तो फुंकून पुन्हा घेतला. कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पण कण्हले नाहीत. कण्हायला ऐकणारं कोणी लागतं.

रसिका पायरीवर भाजी निवडत होती. मी माझ्या पायरीवर. वालाच्या शेंगा मोडल्याचा आवाज होत होता, एवढंच. गाडी खळ्याच्या मध्यावर आली तेव्हा रसिकाने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि जाऊन हँडल धरलं.

भावजींनी वर पाहिलं नाही. "थोडी पुढे," म्हणाले.

तिने ढकलली.

"अजून."

"तुमच्या त्या हेडमास्तरांनी पण यंत्र मागवलंय," रसिका म्हणाली. "पहिल्याच दिवशी पाण्याची टाकी समजून शिपायाने त्यात पाणी ओतलंन."

"बस," भावजी म्हणाले. गाडीसाठी की बातमीसाठी ते कळलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

सोमवारी सकाळी रसिका गाडीवर बसली. मार्च लागला होता, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, आणि रसिकाने साडीवर पावसाळी रेनकोट घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावून. अख्खी वाडी दारात आली. शेजारची काशी म्हणाली, "काय गो, पाऊस हाय काय?" रसिका म्हणाली, "सांगता येत नाही." भावजी पुढे बघत बसले होते. त्या दिवशी ते राजासारखे गाडी चालवत गेले, मागे निळा प्लास्टिकचा झगा फडफडत होता.

यंत्र अजून गाडीवर आहे. रिकामं, कॉक बंद. कोणी विचारलं तर भावजी सांगतात, चेनचं बघायला लागत नाही हो, ऑटोमॅटिक आहे. हल्ली व्हिडिओ बघतात ते गाडी आपोआप पुढे ढकलणाऱ्या स्टँडचे, पण आवाज बारीक ठेवून.

रेनकोटमध्ये रसिका रोज घामाघूम होऊन शाळेत पोचायची, तरी काढत नव्हती. घरी आली की पाठीची बाजू उजेडात धरून बघायची, डाग नाही याची खात्री करून घडी घालायची. परवा सकाळी भावजी गाडी सुरू करून थांबले होते तेव्हा ती माझ्या दारात आली. रेनकोटची घडी माझ्या हातात दिली.

"ताई, हा आत ठेवा," म्हणाली. "लांब नको. लागला तर हाक मारीन."